ठिगळाला भोक हवं

बँकेत कॅश काउंटरवर बसणाऱ्या माणसाला कलेतलं काही कळत नाही, असा एक सार्वत्रिक समज आहे आणि तो बराचसा खरा आहे. माझं चित्रकलेचं शिक्षण शाळेत कंपासने वर्तुळ काढण्यापाशी संपलं. पुढे बी.कॉम.ला जी काही रंगसंगती शिकलो, ती निळी शाई आणि लाल शाई एवढीच. पण एका विषयात मात्र माझा शब्द कुणी खाली पाडू नये, असं मला नम्रपणे वाटतं. तो विषय म्हणजे जीर्णपणा. गेली वीस वर्षं मी लोकांच्या जुन्या, मळक्या, फाटक्या नोटा हाताळतो आहे. एवढा जीर्णपणा पुराणवस्तू खात्यातल्या माणसाच्याही वाट्याला आला नसेल.

नोटा दोन तऱ्हांनी जुन्या होतात. एक, वापराने. मासळीवालीच्या ओल्या हातातून कंडक्टरच्या बोटांत, तिथून कुणाच्या तरी आजीच्या बटव्यात, तिथून सत्यनारायणाच्या ताम्हनात असा प्रवास करीत करीत नोट चार घड्यांवर मऊ होते आणि अखेर घडीवरच फाटते. दुसरा प्रकार म्हणजे कुणीतरी ती फाडलेली असते. रिझर्व्ह बँकेचे नोट परताव्याचे २००९ सालचे नियम या बाबतीत फार समंजस आहेत. वापराने फाटलेल्या नोटेचा किती भाग शाबूत आहे, ते मोजून किंमत मिळते. ५० रुपयांच्या आतल्या नोटेचा निम्म्याहून मोठा तुकडा असेल, तर पुरे पैसे. पण नोट मुद्दाम कापलेली, फाडलेली किंवा तिच्यात फेरफार केलेला दिसला, तर दावा नामंजूर. माझ्या मते सगळं सौंदर्यशास्त्र या एका नियमात आलेलं आहे. विद्यापीठातल्या मंडळींनी त्यासाठी जाडजाड पुस्तकं का लिहिली, कोण जाणे.

हे सौंदर्यशास्त्र वापरायची वेळ माझ्यावर एका बाहुलीने आणली. आमच्या सौभाग्यवतीची मावसबहीण अमेरिकेत ओहायो राज्यात असते. गेल्या दिवाळीत ती आली, तेव्हा चॉकलेटं आणि शाम्पू यांच्याबरोबर तिने स्वतःच्या हाताने केलेली एक बाहुलीही आणली. बाहुली वीतभर उंच. अंग मांजरपाटाचं, फ्रॉक चौकटीच्या जाड्याभरड्या कापडाचा, डोक्यावर लोकरीच्या चार जटा, गळ्यात गंजलेल्या सेफ्टी पिनेत अडकवलेली गंजलेली घंटी. चेहरा नाही. फ्रॉकला तीन ठिगळं. आणि सबंध बाहुलीवर असा काही तपकिरी मळकटपणा, की आमच्या सौ.ने ती दोन बोटांत धरून पहिला प्रश्न विचारला, "अगं, सामानात काही सांडलं का हिच्यावर?"

"छे गं ताई," मेहुणी म्हणाली, "ते मुद्दाम केलंय. प्रिमिटिव्ह स्टाइल आहे ती."

मग तिने कृती सांगितली. ती मी वाचकांच्या सोयीसाठी देतो. कोरा मांजरपाट धुऊन खळ काढून टाकावा. बाहुली शिवून आत कापूस भरावा. चहा किंवा कॉफीचा कडक काढा करावा, त्यात दालचिनीची पूड आणि थोडा व्हॅनिला घालावा. हे मिश्रण ब्रशने बाहुलीला सर्वांगाला फासावं. शिवणींच्या कडेला जरा जास्त. नंतर बाहुली मंद आचेवर ओव्हनमध्ये भाजावी. वाळली की पॉलिशपेपरने कोपरं, गुडघे, कडा घासून घ्याव्यात. लाकडाची वस्तू असेल, तर रंग द्यायच्या आधी कडांना मेणबत्ती चोळावी, म्हणजे तिथला रंग चटकन उडतो आणि वस्तू शंभर वर्षांची दिसते. घंटी चकचकीत असेल, तर मिठाच्या आणि व्हिनेगरच्या पाण्यात ठेवून गंजवावी.

इथे मी विचारलं, "अगं, पण ही वाढायची कशाबरोबर?"

"भावजी, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत चेष्टा सुचते," ती म्हणाली. पण मी चेष्टा करीत नव्हतो. माझ्यातला वाणिज्य पदवीधर जागा झाला होता. आम्हाला कॉलेजात घसाऱ्याच्या दोन मुख्य पद्धती शिकवल्या होत्या. एकीत वस्तूची किंमत दरवर्षी सारख्या रकमेने कमी करायची. दुसरीत, उरलेल्या किमतीवर टक्केवारीने. दोन्हींत वर्षं जावी लागतात. वस्तू घरात यायच्या आधीच तिचा शंभर वर्षांचा घसारा एका दुपारी ओव्हनमध्ये उरकून घ्यायचा, आणि त्यामुळे तिची किंमत वाढवायची, ही तिसरी पद्धत आमच्या प्राध्यापकांनी शिकवली नव्हती. आमच्या ऑडिटरला सांगितली असती, तर त्यांनी हातातला चहा खाली ठेवला असता.

आता टीकाकाराने रागलोभ बाजूला ठेवून बोलावं, म्हणून आधी या बाहुलीचे गुण सांगतो. गुण आहेत. तिचा डावा हात उजव्यापेक्षा बोटभर लांब आहे, आणि तो तसा लांब झाला म्हणून कुणी तो उसवून परत शिवलेला नाही. काळ्या दोऱ्याचे टाके उघड दिसतात. एक इथे, एक तिथे, मध्येच एक घाईचा. म्हणजे ही बाहुली कुणीतरी गप्पा मारता मारता शिवलेली आहे. तिला चेहरा नाही, ही तर मला तिची सर्वांत मोठी अक्कल वाटते. बाजारातल्या प्लास्टिकच्या बाहुल्या डोळे वटारून सदैव हसत असतात. त्यांच्याशी खेळणाऱ्या पोरीने एखाद्या दिवशी रडायचं ठरवलं, तर बाहुलीची साथ नाही. बिनचेहऱ्याची बाहुली आपल्याबरोबर रडते, हसते, रुसते. शिवाय या प्रकाराला लागतं काय? वावभर साधं कापड, सुई, दोरा आणि दोन हात. मशीन नको, शिवणक्लासचा डिप्लोमा नको. जिला सरळ टाका येत नाही तिनेही बिनधास्त बसावं, अशी ही कला आहे, आणि ज्या कलेत नवशिक्याला लाज वाटत नाही, ती कला चांगलीच म्हटली पाहिजे.

तेव्हा माझं भांडण बाहुलीशी नाही, चहाशी आहे.

कारण या बाहुलीला जी पणजी आहे, ती चहा न पिताच मळकट झालेली होती. अमेरिकेतल्या शेतावरच्या बायका हाताशी असेल त्या चिंधीची बाहुली करून पोरीच्या हातात देत. पोर ती बाहुली चावे, अंगणात फरफटवी, घेऊन झोपे. चेहरा पुसला जाई, कोपरं झिजत, आईला वेळ मिळेल तेव्हा ती ठिगळ लावी. पुढे या प्रकाराला बाजार मिळाला. जॉनी ग्रुएल नावाच्या व्यंगचित्रकाराने १९१५ साली 'रॅगेडी ॲन' या चिंध्यांच्या बाहुलीच्या आकृतीचं पेटंट घेतलं आणि १९१८ साली तिच्या गोष्टींचं पुस्तक काढलं. लाल लोकरीचे केस, त्रिकोणी नाक. चिंध्यांच्या बाहुलीचं पेटंट म्हणजे आपल्याकडे उद्या भातुकलीच्या बोळक्याचं कुणी पेटंट घेतल्यासारखं आहे. पण निदान त्या बाहुलीने आपण नवी आहोत हे कधी लपवलं नाही.

१९३०च्या दशकात तिकडे महामंदी आली, तेव्हा तर पिठाच्या आणि पशुखाद्याच्या पोत्यांचेच कपडे होऊ लागले. पोती सुती असत. बायका त्यांची शिवण उसवून फ्रॉक, परकर, उशांचे अभ्रे शिवतात, हे गिरण्यांच्या लक्षात आलं. मग एकमेकींवर मात करण्यासाठी गिरण्या पोत्यांवर फुलं, पानं, चौकटी छापू लागल्या. गिरणीचं नाव मात्र धुतल्यावर निघून जाईल अशा शाईत! एका फ्रॉकला एकाच नक्षीची दोन-तीन पोती लागत. आता डोळ्यांसमोर आणा: नवरा कोंबड्यांचं खाद्य आणायला निघालाय आणि बायको त्याच्या हातात कापडाचा नमुना देऊन बजावते आहे, "या निळ्या फुलांचंच आणा." आणि ते पोतं नेमकं थप्पीच्या तळाशी! जगातले नवरे सगळीकडे सारखेच, हे मला या इतिहासाने पटवून दिलं. पण त्या फ्रॉकमध्ये एक सरळपणा होता. पीठ संपल्याशिवाय फ्रॉक होत नसे.

या घराण्यातली सर्वांत थोर मंडळी अलाबामा राज्यातली. तिथे जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिन्ही बाजूंनी नदीचं वळण. मळ्यावर कापूस पिकवण्यासाठी गुलाम म्हणून राबवलेल्या माणसांचे वंशज तिथे राहतात. थंडीत घर गार पडे, म्हणून तिथल्या बायका नवऱ्याच्या कामाच्या पँटी, शर्ट, पोती फाडून जाड पांघरुणं शिवत. १९६६ साली त्या भागातल्या बायकांनी आपली सहकारी संस्था काढली. १९७२ साली एका मोठ्या दुकानाची कॉर्डुरॉयच्या उशांच्या अभ्र्यांची ऑर्डर मिळाली; अभ्रे दुकानात गेले, आणि उरलेल्या कॉर्डुरॉयच्या तुकड्यांची घरोघरी पांघरुणं झाली. २००२ साली या पांघरुणांचं प्रदर्शन ह्यूस्टनच्या कला संग्रहालयात भरलं, मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गेलं, आणि आधुनिक चित्रकलेत मुरलेले समीक्षक भिंतीवर टांगलेल्या पांघरुणांपुढे थक्क होऊन उभे राहिले. २००६ साली तर अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांवर तिकिटं काढली.

त्यांची छायाचित्रं मी पाहिली आहेत. पँटीच्या विटक्या निळ्या कापडावर मधेच एक गडद निळा चौकोन दिसतो. तो कुणी मुद्दाम लावलेला नाही. तिथे पूर्वी खिसा होता. खिशाखालचं कापड ऊन न लागल्यामुळे गडद राहिलं, भोवतालचं शेतात उडून गेलं. गुडघ्यापाशी कापड पांढरं पडलेलं आहे, कारण तिथे माणूस मातीत गुडघे टेकून बसत होता. हा रंग कुठल्याही ओव्हनमध्ये भाजून येत नाही. आणि तरीही या बायकांना 'भोळ्याभाबड्या' म्हणणं हा त्यांचा अपमान होईल. हाताशी तीनच रंगांच्या चिंध्या असताना कुठली चिंधी कुठे ठेवायची, लाल पट्टी कडेला घ्यायची की मधोमध, हे त्यांनी डोकं लढवून ठरवलेलं आहे. गरिबी कापड पुरवते. मांडणी पुरवत नाही.

हे वाचताना आपल्याला परकं वाटत नाही, याचं कारण आपण सगळे गोधडीत वाढलेलो आहोत. कुणी तिला वाकळ म्हणतं, बाळापुरती असली की ती दुपटं होते. माझ्या आजीच्या गोधडीत वर तिचं हिरवं लुगडं, खाली आजोबांचं धोतर आणि मधे काय काय होतं, ते फक्त आजीला ठाऊक. ती पायथ्याकडून हात फिरवीत सांगे, "ही तुझ्या बापाची मुंजीतली बंडी, हा तुझ्या आत्याचा परकर." गोधडी नव्हेच ती, घराची खातेवही होती, फरक एवढाच की नोंदी धावदोऱ्याने केलेल्या आणि बंद झालेलं खातंसुद्धा अंगाला ऊब देत असे. तिच्यावर चहाचे डागही होते. पण ते आजोबांचा हात थरथरायला लागला त्या वर्षाचे होते.

कुणी म्हणेल, काय हो, एवढं मनाला लावून घेण्यासारखं त्यात काय आहे? हौसेने चार बायका बाहुल्यांना चहा पाजतात, तुमचं काय जातं? बाहुल्यांपुरतं असतं तर माझं काहीच गेलं नसतं. पण ही हौस मोठ्या बाजारात शिरली, की तिची किंमत कुणीतरी तिसराच भरतो. १९८९ साली रेचेल ॲशवेल या बाईंनी कॅलिफोर्नियात सांता मोनिकाला 'शॅबी शीक' नावाचं दुकान काढलं. शॅबी शीक म्हणजे आपल्या भाषेत रुबाबदार गबाळेपणा. तिथे जुनं फर्निचर धुऊनपुसून वापरात येई, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुनं सामान जगात मोजकंच असतं आणि गिऱ्हाईक अमाप. मग नव्याला जुनं करण्याचे कारखाने निघतात. कपड्यांत तेच झालं. नवी कोरी जीन्स मांडीवर विटलेली दिसावी, म्हणून तिच्यावर दाबाखाली वाळूचा फवारा मारायची पद्धत आली. ती वाळू मारणाऱ्या तुर्कस्तानातल्या तरुण कामगारांच्या फुप्फुसांत धूळ जाऊन बसली आणि त्यांना सिलिकोसिस झाला. हा रोग बरा होत नाही. अखेर २००९ साली तुर्कस्तान सरकारने ही पद्धत बंद केली. विचार करा: ज्याने आयुष्यात गुडघा टेकून काम केलं नाही त्याची पँट गुडघ्यावर विटावी, म्हणून दुसऱ्या एकाने आपला श्वास झिजवायचा. झीज कुणाची तरी होतेच. फुकट जुनं काहीच होत नाही.

इथे एक अडचण मीच उभी करतो, नाहीतर एखादा वाचक पोस्टकार्ड टाकून करील. आपणहून फाटकं नेसणारे सगळेच खोटे का? गाडगेबाबा (१८७६–१९५६) आपल्या खुशीने चिंध्यांची गोधडी पांघरून हिंडले. त्यांना धडका अंगरखा कुणीही दिला असता. मग माझ्या नियमाने बाबांचाही दावा नामंजूर? मुळीच नाही. कारण बाबांच्या एका हातात खराटा होता, आणि ज्या गावात जात ते गाव आधी झाडून काढीत. ते अंगावरच्या चिंध्यांना साजेसं जगत होते. चिंध्या दिवाणखान्यात आणि खराटा मोलकरणीच्या हातात, अशी वाटणी झाली, म्हणजे घोटाळा होतो.

तेव्हा माझा निकाल असा. साधेपणा आणि जीर्णपणा ही दोन वेगळी खाती आहेत. एकातली रक्कम दुसऱ्यात टाकू नये. साधेपणा करणाऱ्याच्या हातात असतो. जाडंभरडं कापड, वाकडा टाका, लांब हात, कोरा चेहरा हे सगळं आज दुपारी करता येतं आणि ते खरंच असतं. जीर्णपणा कुणाच्याच हातात नसतो. तो वापरणाऱ्याने द्यायचा असतो, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून ठिगळाला खाली भोक हवं. भोक नसताना लावलेलं ठिगळ हे, कर्ज न घेता भरलेल्या हप्त्यासारखं आहे. दिसायला प्रामाणिक, पण काहीतरी गडबड आहे असं कुठल्याही कारकुनाला वाटणारच.

यात नियतीचा एक विनोदही आहे, तो या कलाकार भगिनींना सांगितला पाहिजे. संग्रहालयांत जुनी वस्त्रं सांभाळणारी तज्ज्ञ मंडळी चहाच्या रंगापासून चार हात लांब राहतात. चहातलं आम्ल सुती धाग्याला हळूहळू खातं, आणि जोडीला लोखंडाचा गंज असला की काम आणखी लवकर होतं. म्हणजे चहा पाजलेली, गंजकी पिन टोचलेली ही बाहुली काही वर्षांनी खरोखरच विरेल, आणि तेव्हा तिला खरं ठिगळ लावावं लागेल. फक्त ते लावायला त्या वेळी कुणी बसेल का, एवढाच प्रश्न आहे.

हे सगळं मी मेहुणीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग भावजी, आम्ही जुनं कापड आणायचं कुठून?"

प्रश्न रास्त होता, पण तो आमच्या घरात विचारला जावा हा योगायोग विलक्षण होता. कारण त्याच आठवड्यात आमच्या सौ.ने दारावर आलेल्या बोहारणीला सहा सुती साड्या, माझे चार शर्ट आणि एक चादर देऊन स्टीलचं एक पातेलं घेतलं होतं. घासाघीस दीड तास चालली होती आणि पातेल्याचं झाकण सौ.ने हट्टाने वर मागून घेतलं होतं. वीस वर्षं धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं खरं जुनं कापड दारातून बाहेर गेलं होतं, आणि ओहायोतल्या ओव्हनमध्ये भाजून जुनी झालेली बाहुली शोकेसमध्ये बसली होती. अर्थशास्त्रात याला काय म्हणतात, ते आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

मेहुणी हुशार आहे. परतताना ती सौ.च्या कपाटातली दोन विटकी पातळं आणि तिच्या वडिलांचा एक जुना पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घेऊन गेली. गेल्या महिन्यात तिने नव्या बाहुलीचा फोटो पाठवला. शर्टाचा फ्रॉक झाला आहे. खिसा तसाच ठेवलेला आहे, आणि खिशाच्या तळाशी निळ्या शाईचा एक डाग आहे. मावसासासऱ्यांचं पेन जन्मभर गळत असे. चहा नाही, दालचिनी नाही. ठिगळ एकच, कोपराच्या जागी, आणि ते मावशींनी कधीकाळी लावलेलं. सौ. फोटो बराच वेळ बघत राहिली आणि मग स्वयंपाकघरात निघून गेली. समीक्षक म्हणून मला त्या कलाकृतीत काढायला काही दोष सापडला नाही.

त्याचा परिणाम मात्र आमच्या घरावर झाला. सौ.ने जुन्या कपड्यांचे आता दोन ढीग केले आहेत: एक गोधडीचा आणि एक बोहारणीचा. कुठला कपडा कुठे जाणार हे ती कापड हातात चुरगळून ठरवते. काल माझा निळा शर्ट अंगावरच होता, तरी तिने येता-जाता त्याची कॉलर दोन बोटांत धरून पाहिली. कुठला ढीग, ते सांगितलं नाही. मी तूर्त तो शर्ट उतरवत नाहीये.